अकरा सेकंदांचा जादूगार

गप्प उभं राहून टाळ्या मिळवाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. बोलून टाळ्या मिळवण्याचा प्रयोग आदल्या वर्षी झाला होता. महसूल खात्याच्या सांस्कृतिक स्पर्धेत मी आमच्या कार्यालयातर्फे स्वतः रचलेली ‘सातबाऱ्याची विनवणी’ ही कविता म्हटली. तिसऱ्या कडव्याला टाळ्या सुरू झाल्या, त्या मी मंचावरून उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. मी उतरावं म्हणूनच त्या चालू होत्या, हे आमच्या शिपायानं चहा देताना सांगितलं आणि त्या दिवशी चहात साखर जरा जास्त घातली.

मी चंद्रशेखर शहारे, तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. कोणतं तहसील ते लिहीत नाही. नोकरी अजून सहा वर्षं शिल्लक आहे आणि गोंदिया जिल्ह्यात तालुके आठच आहेत. शोधणाऱ्याला तेवढे तरी कष्ट पडू देत.

दसऱ्याच्या सुमारास मोबाईलवर एक परदेशी माणूस पाहिला. काळा कोट, रिकामे हात, आणि त्या रिकाम्या हातांतून एकामागून एक पत्ते निघत होते. मग तेच पत्ते हवेत नाहीसे होत होते. नऊ मिनिटं त्यानं तोंडातून शब्द काढला नाही आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, हे तर मुळात कारकुनाचं काम आहे. गप्प उभं राहायचं, हातातला कागद दिसेनासा करायचा आणि फार ओरड झाली की दुसऱ्याच ठिकाणाहून काढून दाखवायचा. चोवीस वर्षं हा खेळ मी रोज जवळून पाहत होतो. फक्त तो कौतुकाचा विषय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या तहसीलदार मॅडमनी बोलावून विचारलं, “शहारे, यंदा पुन्हा कविता का?”

“नाही मॅडम. यंदा मी बोलणारच नाही.”

त्यांनी यादीत माझं नाव लगेच लिहिलं.

पत्ते विकत घेणं हे शासकीय नोकराला किती अवघड आहे, याची कल्पना तुम्हाला नसेल. आमच्याकडे दुलीचंदचं जनरल स्टोअर आहे. तिथं बांगड्यांपासून उंदराच्या औषधापर्यंत सगळं मिळतं आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची बातमी फुकट मिळते. मी हळूच पत्ते मागितले.

“कितने लोग बैठते हो साहब?”

“कोणी बसत नाही. मी एकटाच.”

दुलीचंदनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “अकेले? ये तो और बुरी आदत है साहब.”

“अरे, जादूसाठी पाहिजेत.”

“हाँ हाँ, सब यही बोलते हैं,” म्हणत त्यानं पत्त्यांचे दोन जोड वर्तमानपत्रात गुंडाळले, वरून काळी पिशवी चढवली आणि ती माझ्या हातात अशी दिली की रस्त्यावरच्या चार जणांनी वळून पाहिलं. मी घरी पोचायच्या आत अल्काला फोन आला होता. आमच्या शेजारचे हेमेंद्र बिसेन फाटकाशी उभे होते. कृषी खात्यातून रिटायर झाल्यापासून ते आपल्या फाटकाशी कमी आणि आमच्या फाटकाशी जास्त असतात. ते म्हणाले, “साहेब, सांगाचं होतं ना. आमच्या शनिवारच्या बैठकीत एक मानूस कमीच आहे.”

अल्का जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिला मी खेळ समजावून सांगितला: पत्ता समोर धरायचा, मनगटाला झटका द्यायचा, पहिल्या बोटानं आणि करंगळीनं पत्त्याच्या दोन्ही कडा चिमटीत पकडायच्या आणि पत्ता हाताच्या मागच्या बाजूला न्यायचा. समोरून हात रिकामा दिसतो.

“आणि बाजूनं?” अल्कानं विचारलं.

गणिताच्या माणसाशी लग्न केलं की असे प्रश्न येतात. बाजूनं पत्ता दिसतो. अगदी स्वच्छ दिसतो.

रोज सकाळी सहा ते सात मी पलंगाशी उभा राहून सराव करायचो. पत्ते चादरीवर पडले की वाकायला कमी लागतं. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माझी करंगळी माझी नाही. बाकीची चार बोटं सेवेत होती, ही कायम रजेवर. हेमेंद्रभाऊंनी बोटांना मोहाचं तेल लावायला सांगितलं. लावलं. त्यामुळे पत्ते नाहीसे होण्याऐवजी अंगठ्याला चिकटून राहू लागले आणि घरभर असा वास सुटला की गल्लीतल्या कुसुमबाई येऊन अल्काला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाई, पत्त्यापर्यंत ठीक होतं. आता मोहाची बी सुरू झाली का?” अल्कानं त्यांना तेलाची वाटी आणून दाखवली, तेव्हा कुठं माझी अब्रू तेलावर वाचली.

करंगळीला व्यायाम हवा म्हणून मी ऑफिसातही टेबलाखाली हात उघडझाप करू लागलो. बोटं आत घ्यायची, बाहेर सोडायची, पुन्हा आत. डिसेंबरात एक म्हातारा शेतकरी फेरफाराच्या कामाला आला होता. मी त्याचे कागद वाचत होतो आणि हात आपला व्यायाम करत होता. म्हातारा बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. मग उठून गेला. अर्ध्या तासानं तो परत आला आणि त्यानं एक जिवंत कोंबडा माझ्या टेबलावर ठेवला.

“साहेब, मी गरीब मानूस. पैसे नाई जी जवर. कोंबडा हाये.”

चोवीस वर्षांत मी लोकांकडून चहासुद्धा घेतलेला नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, “बाबा, मी काही मागितलं नाही. हा बोटांचा व्यायाम आहे.” म्हाताऱ्यानं मान डोलवली आणि विचारलं, “एक कमी होते का?” तोवर कोंबडा आवक-जावक रजिस्टरवरून फाइलींच्या कपाटावर चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या धर्मेंद्रनं त्याला पकडलं. धर्मेंद्र आमचा महसूल सहायक. तो म्हणाला, “सर, व्यायाम घरी करत जा. सवय लागली तर लोक मलाही आणून देतील आणि माझ्यानं नाही म्हणणं होणार नाही.” त्या म्हाताऱ्याचा फेरफार मी त्याच दिवशी करून दिला. तो कोंबडा घेऊन गेला, पण जाताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. काहीही न घेता काम होतं यावर त्याचा विश्वास बसेना. कागदात काहीतरी खोट असणार असंच त्याला वाटत होतं.

शेवटी मी गुरू केला. कोहमाऱ्याला, जिथं ट्रक थांबतात तिथं, एका ढाब्याच्या गल्ल्यावर ईश्वरदास नावाचे सत्तरीचे गृहस्थ बसतात. एकेकाळी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावोगाव त्यांचे जादूचे खेळ व्हायचे. आता ढाबा मुलगा चालवतो आणि हे सुटे पैसे देतात. मात्र नाणं देताना ते आधी गिऱ्हाइकाच्या कानातून काढतात. मी रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जाऊ लागलो.

माझा हात हातात घेऊन त्यांनी एकेक बोट ओढून पाहिलं. मग म्हणाले, “साहेब, तुमचे बोटं सरकारी आहेत. कामाले लागाच्या आंदी इकडंतिकडं पायतेत.”

“सराव करतो ना जी मी.”

“सराव ठीक आहे. पन पत्ता हातानं नाई लपत. डोऱ्यानं लपते. तुमी ज्या हातात पत्ता आहे तिकडंच पाहून राहिले. मंग लोक बी तिकडंच पायतेत. तुमी दुसरीकडं पाहा, लोक दुसरीकडं पायतीन.”

हे मला काही जमलं नाही. हातात काही लपवलं असताना दुसरीकडे सहज पाहता येणं, ही कला आमच्या कार्यालयात पुष्कळांना येते, पण मला कधीच आली नाही.

जानेवारीत स्पर्धा झाली. मी माझ्या लग्नातला कोट घातला होता. बटण लागत नव्हतं, पण जादूगाराचा कोट उघडाच असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. संगीत सुरू झालं. मी हुकमाचा एक्का समोर धरला, झटका दिला आणि पत्ता गेला. सभागृहात खरोखर शांतता पसरली. मी रिकामा हात हळूहळू फिरवला, आणि हीच चूक झाली, कारण फिरवताना करंगळी पुन्हा रजेवर गेली. एक्का माझ्या बुटाशी पडला. मी त्यावर पाय ठेवला. पाय ठेवल्यावर पुढचा खेळ कसा करतात हे ईश्वरदासांनी शिकवलं नव्हतं, म्हणून जागच्या जागी नमस्कार केला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते सहभागी सगळ्यांनाच होतं.

इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण हेमेंद्रभाऊ खास माझ्यासाठी गोंदियाला आले होते आणि पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसून त्यांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला ते दाखवलं. पत्ता समोर आहे, झटका, पत्ता नाही. रिकामा हात. इथं व्हिडिओ संपला.

“पुढचं?” मी विचारलं.

“कापलं. आपला मानूस पडताना काऊन दाखवाचा?”

एकूण अकरा सेकंद. बाराव्या सेकंदाला माझी लायकी होती आणि ती त्यांनी निव्वळ प्रेमापोटी कापून टाकली. तो व्हिडिओ त्यांनी स्टेटसला ठेवला. तिथून तो गल्लीच्या ग्रुपवर गेला, धान उत्पादकांच्या ग्रुपवर गेला, एका लग्न जुळवणाऱ्या ग्रुपवरही गेला. आठ दिवसांत चिचगडच्या एका माणसानं मला बस स्टँडवर ओळखलं. दुलीचंद दुकानातून हाक मारून म्हणाला, “साहब, मैं तो पहले दिन से जानता था.” ऑफिसात येणारे लोक माझ्या तोंडाऐवजी हातांकडे पाहून बोलू लागले. एक जण तर शांतपणे म्हणाला, “साहेबाच्या टेबलावर गेलेली फाइल काऊन दिसत नाही, ते आता समजलं.”

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. बाराव्या सेकंदाबद्दल कुणी विचारत नव्हतं आणि मी आपणहून सांगत नव्हतो. अल्का मात्र व्हिडिओ पाहून म्हणाली, “छान आहे. उरलेलं मी घरी पाहतेच.”

एप्रिलमध्ये सरपंचपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली. कोणत्या गावात यंदा महिला सरपंच होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या काचेच्या बरणीत घालतात आणि जमलेल्या गावकऱ्यांसमोर एखादं लहान मूल त्या काढतं, कारण लहान मूल कुणाच्या पक्षाचं नसतं. चिठ्ठ्यांच्या घड्या घालायचं काम दरवेळी माझ्याकडे असतं. यंदा खुशी नावाची एक पाच वर्षांची मुलगी आणली होती. सभागृहातल्या दोनशे पुरुषांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं आणि तिनं भोकाड पसरलं. चॉकलेट झालं, फुगा झाला, ती काही थांबेना. ऊन चढत होतं. मॅडम म्हणाल्या, “शहारे, तुम्हीच काढा. तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.”

हे वाक्य चोवीस वर्षांची कमाई होती. मी बाह्या सारल्या, बरणीत हात घातला आणि पहिली चिठ्ठी काढली. मॅडमनी वाचली: “बेहडाटोला. महिला राखीव.”

मागच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. बेहडाटोल्याचे बकाराम. पाच वर्षं ते सरपंचपदाची तयारी करत होते. गावातल्या प्रत्येक बारशाला, तेराव्याला, क्रिकेटच्या सामन्याला हजर राहिले होते. शुभेच्छांचे फलक लावून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेबाच्या हातात आंदीच चिठ्ठी होती. मी माह्या डोऱ्यानं पायलो.” मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून शेजाऱ्यांना काहीतरी दाखवायला सुरुवात केली. अकरा सेकंदांनी सभागृहातली सगळी माणसं माझ्या हातांकडे पाहत होती.

चौथ्या दिवशी मला नोटीस मिळाली. बकारामांनी पेन ड्राइव्हसह वरपर्यंत तक्रार केली होती आणि उपविभागीय अधिकारी, म्हणजे एसडीओ साहेब, स्वतः चौकशी करणार होते. नोटिशीत लिहिलं होतं: ‘आपण हातचलाखीत पारंगत असल्याचे दृश्यफितीवरून प्रथमदर्शनी दिसून येते. तरी सोडतीच्या वेळी या कलेचा वापर केला किंवा कसे, याबाबत समक्ष खुलासा करावा.’ सोडतीत गैरप्रकार सिद्ध झाला तर निलंबन, पुढं पेन्शनचं काय होईल ते कोण सांगणार. पण ‘पारंगत’ हा शब्द मी तीनदा वाचला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. मला पारंगत कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही सही-शिक्क्यानिशी.

सल्ल्यांचा पाऊस पडला. हेमेंद्रभाऊ म्हणाले, हाताला प्लास्टर घालून जा. धर्मेंद्र म्हणाला, आजारपणाची रजा टाका, तोपर्यंत एसडीओंची बदली होईल. मी ईश्वरदासांना फोन केला. ते म्हणाले, “काही बी बोला, पन जमत नाई असं नोका बोलू. लाइनीची बेइज्जती होते.”

अल्कानं सगळं ऐकून घेतलं आणि वह्या तपासता तपासता म्हणाली, “एवढं कायले घाबरता? त्यांच्यासमोर करून दाखवा. तुम्हाला येत नाही, हे ते दोन मिनिटांत पाहतील. सुटाल.”

ती बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं आणि तेच मला लागलं. मी चलाख ठरलो तर चोर, आणि इमानदार ठरायचं तर आधी ढ ठरायला हवं होतं. शासनाच्या कोणत्याही नमुन्यात ‘हात चांगला, माणूसही चांगला’ असा रकाना नाही. सुनावणीच्या आदल्या सकाळी मी सराव केला नाही. पत्ते उशाशी होते. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि त्यांना वाईट वाटलं असेल असं मला उगाच वाटत राहिलं.

सुनावणी आमच्याच सभागृहात झाली. समोर एसडीओ साहेब, डाव्या बाजूला मॅडम, उजव्या बाजूला बकाराम आणि त्यांच्या पत्नी नंदाबाई. त्या डबा घेऊन आल्या होत्या, कारण बकारामांना बाहेरचं सोसत नाही. कोपऱ्यात मोठा कूलर घोंघावत होता. तिन्ही बाजूंनी माणसं बसलेली पाहून माझा जीव भांड्यात पडला. बाजूनं पत्ता दिसणारच होता. शिपायानं दुलीचंदकडून नवा जोड आणला. त्याचा रीतसर पंचनामा झाला: पत्ते बावन्न, जोकर दोन, एकूण चोपन्न, सर्व सुस्थितीत. एसडीओ साहेबांनी त्यातली लालपानाची, म्हणजे बदामाची, राणी काढून माझ्या हातात दिली.

“करा. जसं व्हिडिओत केलं तसंच. मुद्दाम चूक करायची नाही.”

“नाही सर. नेहमीसारखंच करतो,” मी म्हणालो, आणि मनात अगदी तसंच करायचं ठरवलं. नेहमीसारखं केलं की पत्ता आपोआप पडतो.

मी राणी समोर धरली. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. मी झटका दिला, आणि त्याच क्षणी बकारामांचा मोबाईल वाजला. साधासुधा नाही, लग्नाच्या बँडसारखा. मी दचकून बकारामांकडे पाहिलं. मी पाहिलं म्हणून एसडीओंनी पाहिलं, मॅडमनी पाहिलं, नंदाबाईंनी पाहिलं. बकारामांनी गडबडीनं फोन बंद केला आणि सगळ्यांनी पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं.

हात रिकामा होता.

मी हात फिरवला. मागूनही रिकामा होता. मी माझ्या बुटांकडे पाहिलं, तिथंही काही नव्हतं. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा पत्ता खरोखर नाहीसा झाला होता, आणि मला वाटतं त्या खोलीत सगळ्यात जास्त मीच थक्क झालो होतो.

“कुठं गेला?” एसडीओंनी विचारलं.

“सर, मला माहीत नाही.”

एवढं खरं वाक्य मी नोकरीत फार कमी वेळा बोललो असेन. त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. शिपायानं माझ्या बाह्या तपासल्या, खिसे उलटे केले, बूट काढायला लावले. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे, हे त्या दिवशी उपविभागीय पातळीवर उघड झालं. टेबलाखाली पाहिलं, कूलरमागं पाहिलं, डबा उघडून पाहिला. त्यात वांग्याची भाजी होती. पत्ते मोजले तर त्रेपन्न भरले. एसडीओ साहेबांनी समोरची उघडी फाइल मिटली, नाडी बांधली आणि ते माझ्याकडे पाहत राहिले. ती नजर रागाची नव्हती. आदल्या वर्षी कवितेनंतर मला तशीच नजर हवी होती.

निकालात त्यांनी लिहिलं: ‘श्री. शहारे यांचे हस्तकौशल्य असाधारण आहे. सोडतीत त्याचा वापर झाल्याचा पुरावा नाही. तथापि पारदर्शकतेसाठी सोडत पुन्हा घ्यावी व श्री. शहारे यांना चिठ्ठ्या, मतपत्रिका व मतदान यंत्रे यांपासून कायम दूर ठेवावे.’ म्हणजे मी निर्दोष होतो, पण लांबूनच.

या निकालाचं शेवटचं वाक्य कार्यालयात वाऱ्यासारखं पसरलं. मतदान यंत्रांपासून कायम दूर म्हणजे निवडणूक ड्यूटी कायमची माफ. ज्यासाठी लोक गुडघेदुखीची, सासऱ्यांच्या आजारपणाची, एकानं तर स्वतःच्या रातांधळेपणाची प्रमाणपत्रं जोडतात, ते मला एका पत्त्यात मिळालं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धर्मेंद्र आणि आणखी सहा जण माझ्या टेबलाशी पत्ते घेऊन उभे. “सर, फार नको. साहेबांना संशय येईल एवढंच शिकवा.” दुलीचंदनं पत्त्यांचा मोठा माल मागवला. मी सगळ्यांना करंगळीपासून सुरुवात करायला लावली. चौथ्या दिवशी त्यांना निवडणूक ड्यूटी सोपी वाटू लागली.

सोडत पुन्हा झाली. मला फाटकाबाहेर, रसवंतीपाशी उभं केलं होतं. खुशीला या वेळी तिच्या आजीच्या मांडीवर बसवून आणलं. तिनं न रडता हात घातला आणि पहिली चिठ्ठी काढली: बेहडाटोला.

आत काय झालं ते मला धर्मेंद्रनं सांगितलं. बकाराम पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, पोरीले शिकवून आणलं आहे. तेव्हा आतापर्यंत एक शब्द न बोललेल्या नंदाबाई म्हणाल्या, “बसा जी खाली. पाच वर्साच्या पोरीवर संशय घेता, मंग गावानं तुमच्यावर भरवसा कायचा ठेवाचा? चिठ्ठी दोनदा बाईची निघाली. मी उभी राहतो.” बकाराम बसले. त्यांना वाटलं, फॉर्म बायकोचा, कारभार आपला. आमच्या तालुक्यात तसं चालतं. त्यांनी फलकांवर स्वतःच्या फोटोशेजारी बायकोचा छोटा फोटो चिकटवला. नंदाबाई निवडून आल्या. पहिल्याच कामाला त्या स्वतः आमच्या कार्यालयात आल्या, कागद स्वतः वाचले, एक चूक दाखवून दिली आणि सही केली. बकाराम बाहेर मोटरसायकलवर डबा घेऊन बसले होते. जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, खरं सांगा. पयली चिठ्ठी तुमीच काढली होती ना जी माह्यासाठी?”

मी नाही म्हणालो. त्या हसल्या आणि दोन हात जोडून गेल्या. नाही म्हणणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, फक्त उलटा.

घरीही हवा बदलली होती. निकालाची प्रत अल्कानं दोनदा वाचली. ‘असाधारण’ या शब्दावर ती थांबली. मी भाजी चिरत असलो की ती माझ्या बोटांकडे पाहायची. एकदा तिनं विचारलंच, “अजी, त्या दिवशी पत्ता गेला कुठं?” गणितात तिला न सुटलेलं असं काही मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “चहा ठेवतेस का?”

ऑगस्टमध्ये ती चौकशीची फाइल जिल्हा कार्यालयातून परत आली. वर शेरा होता: ‘सहपत्र क्र. ७ (लालपानाची राणी) याचा उल्लेख मूळ टिपणीत नाही. खुलासा करावा.’ मी फाइल उघडली. तक्रार आणि पंचनामा यांच्यामध्ये राणी बसली होती. तिला वरच्या कार्यालयात कुणीतरी भोक पाडून रीतसर टाचलं होतं आणि कोपऱ्यात क्रमांक घातला होता. आता सगळा उलगडा झाला: फोन वाजला, मी दचकलो, करंगळी नेहमीप्रमाणे सुटली, कूलरच्या वाऱ्यानं पत्ता उघड्या फाइलीत सरकला आणि एसडीओ साहेबांनी स्वतःच्या हातानं तो मिटून टाकला.

खुलाशाचा मसुदा माझ्याचकडे आला. मी खरं तेच लिहिलं: ‘सदर पत्ता सादरकर्त्याच्या हातून नकळत निसटून फाइलीत पडला. यात कोणतेही कौशल्य नव्हते.’ चोवीस वर्षांत एवढी जड दोन वाक्यं लिहिली नव्हती. मॅडमपुढं कागद ठेवताना मी दुसरीकडे पाहत होतो, आणि तेवढं मात्र त्या दिवशी सहज जमलं.

मॅडमनी वाचलं आणि पेन उचलून दोन्ही वाक्यं खोडली.

“शहारे, कौशल्य असाधारण आहे असं एसडीओ साहेबांनी लिहिलंय. खालच्या कार्यालयानं ते खोटं आहे म्हणायचं का?”

“पण मॅडम, खरं तर...”

“खरं ते वर ठरलेलं आहे.” त्यांनी स्वतः लिहिलं: ‘सहपत्र क्र. ७ हा चौकशीवेळचा नमुना असून तो दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ खाली सही केली. मी फाइल बांधली आणि अभिलेख कक्षात स्वतः नेऊन ठेवली, अगदी वरच्या फळीवर.

अल्का अजूनही अधूनमधून विचारते, पत्ता गेला कुठं. मी तिच्याशी कधी खोटं बोललेलो नाही आणि आताही बोलत नाही. पण ती माहिती आता शासकीय दप्तरात आहे आणि दप्तरातली माहिती हवी असेल तर लेखी अर्ज करावा लागतो. तो तिनं अजून केलेला नाही.